न ऐकूं येणाऱ्या आवाजाचा दोष

जो आवाज आपल्या कानीं पडत नाहीं, त्याचा दोष आपणांस लागतो काय? प्रश्न विचित्र दिसतो खरा. परंतु समुद्रावरील जहाजांनीं तो आम्हांपुढें उभा केला आहे.

जहाजाचा पंखा वेगानें फिरूं लागला म्हणजे त्याच्या पात्यांजवळ पाण्याचा दाब फार घटतो. चुलीवर पाणी विस्तवानें उकळतें. येथें तें विस्तवावांचून, केवळ दाब घटल्यामुळें उकळतें, व वाफेचे असंख्य बुडबुडे उठतात. जास्त दाबाच्या जागीं येतांच ते आंतल्या आंत कोसळतात. लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं या कोसळण्याचें गणित मांडलें. त्या आघातांनीं धातूच्या पात्यांसही खळगे पडतात; आणि त्यांचा आवाज सेकंदास सुमारें १,५०० मीटर, म्हणजे हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें, पाण्यांतून दूरवर जातो. देवमासे तर अंधाऱ्या पाण्यांत कानांवरच विसंबून राहतात.

सप्टेंबर २००१ मध्यें अमेरिकेवरील हल्ल्यानंतर कानडांतील फंडीच्या उपसागरांत जहाजांची ये-जा एकाएकीं घटली. पाण्यांतील आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरला. आणि तेथील राइट जातीच्या देवमाशांच्या विष्ठेंत ताणाचीं द्रव्यें कमी आढळलीं. हा शोध २०१२ सालीं प्रसिद्ध झाला.

कोणी म्हणेल, खलाशाच्या मनांत छळण्याचा हेतु नव्हता, मग अपराध कोणता? आम्हीही म्हणतों, जें कळणें शक्य नव्हतें त्याबद्दल कोणास दोष देऊं नये. परंतु कळल्यानंतर तेंच अज्ञान ढाल म्हणून पुढें करतां येत नाहीं. दुसरा म्हणेल, जहाजें गरिबांचें धान्य व औषधें आणितात. तेंही खरें, म्हणून जहाजें थांबवा असें कोणी म्हणत नाहीं. वेग कमी केला कीं बहुतेक जहाजांचा हा आवाज उतरतो. व्हँकूव्हरजवळील हॅरो सामुद्रधुनींत २०१७ पासून अनेक जहाजें ठराविक काळांत स्वखुशीनें हळू चालतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २०१४ सालीं याविषयीं सूचना केल्या व २०२३ सालीं त्या सुधारल्या. पण त्यांत सक्ति नाहीं. म्हणजे शेवटीं निवाडा मनुष्याच्या विवेकावरच सोंपविलेला आहे.

वाचकहो, आपल्या गांवींही असेंच नाहीं काय? लग्नघरचा कर्णा मांडवांतल्यांस गोड लागतो. शेजारच्या खोलींतील तापकऱ्यास तो कसा लागतो, हें मांडवांत बसून कळत नाहीं. आवाजाचें माप करणाऱ्याच्या कानानें घेऊं नये, ऐकणाऱ्याच्या कानानें घ्यावें. आणि ज्याला बोलून सांगतां येत नाहीं, त्याच्याविषयीं तर आपणच उठून विचारपूस केली पाहिजे.