एकट्याची धाव व चौघांतली धाव

वाशीमहून रिसोडकडे अथवा मंगरुळपीराकडे जाणाऱ्या सडकेने जो कोणी पहाटे निघतो, त्यास अलीकडे एक देखावा हटकून दिसतो. अंधार पुरता सरलेला नसतो, तुरीच्या शेतांवर दव असते, आणि सडकेच्या कडेने चारचार, पाचपाच तरुण धावत असतात. कोणाच्या पायांत चांगले बूट असतात, कोणाच्या पायांत फाटके, कोणी अनवाणीच असतो. हे शर्यतीचे हौशी नव्हेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीस पन्नास गुण असतात, आणि त्यांपैकी वीस गुण १६०० मीटर धावण्याचे. पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत जो पोहोचतो त्यास वीसही मिळतात. त्यापुढे सेकंद वाढले की गुण उतरतात. दोन गुणांनी नाव यादीबाहेर राहिले, अशी घरे आमच्या प्रत्येक गावात आहेत. तेव्हा ह्या मुलांच्या घड्याळाकडे गंमत म्हणून पाहता येत नाही. त्यात एखाद्या घराचे कर्ज असते, बहिणीचे लग्न असते, आणि कोरडवाहू चार एकरांतून सुटण्याची आशा असते.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका टोळीपाशी आम्ही काही सकाळी जाऊन उभे राहिलो. मुलांनी घड्याळ धरण्याचे काम आमच्याकडे सोपविले. कारण सोबत्याच्या हातातील घड्याळ सोबत्याकरिता अर्धा सेकंद आधीच थांबते, असा त्यांचा अनुभव होता. (घड्याळ लाच घेत नाही हे खरे, परंतु घड्याळ धरणारा अंगठा घेतो. मोटारसायकलीच्या काट्यावर मोजलेले १६०० मीटरही असेच. तेथे पन्नास मीटर कमी भरले तर मुलगा महिनाभर स्वतःवर खूष असतो आणि भरतीच्या दिवशी रडतो.) त्या टोळीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. एके दिवशी तो एकटाच धावला तेव्हा पाच मिनिटे बावीस सेकंद लागले. दोन दिवसांनी तो चौघांबरोबर धावला आणि पाच मिनिटे नऊ सेकंदांत आला. धाप ओसरल्यावर तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, एकटा पयालो त पाच-बावीस, अन् पोरांसंग पयालो त पाच-नऊ. मंग माहा खरा टाइम कोन्ता?”

आम्ही त्यावेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न आम्हांस सोडीना. एकांतात मनुष्य जेवढा असतो तेवढाच तो खरा, की दहांच्या संगतीत त्याच्यातून जे निघते तेही त्याचेच? आणि ते त्याचे असेल तर त्यात त्या दहांचा वाटा किती?

शर्यतीचा दाखला आमच्या वाचकांस पौलाच्या पत्रांवरून ठाऊक आहेच. करिंथ नगराजवळ इस्थमियन खेळ भरत, आणि जिंकणाऱ्यास पानांचा मुकुट मिळे. त्या काळी सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते, हे मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही. जिंकणारा किती वेगाने धावला हे कोणीच सांगू शकत नव्हते. इतरांच्या पुढे होता, इतकेच सांगता येई. धावणाऱ्याचे मोल सर्वस्वी त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असे. घड्याळाशी एकट्याने शर्यत लावणे ही अलीकडची गोष्ट आहे, आणि तिने एक मोठा उपकार केला आहे. ज्यास जवळपास कोणी जोडीदार नाही असा खेड्यातला मुलगाही आता काल मी किती होतो व आज किती आहे हे पाहू शकतो. त्यास कोणाचा हेवा करण्याचे कारण उरत नाही. आमच्यातील पुष्कळ वडील मंडळी मुलांस हाच उपदेश करितात की, दुसऱ्याकडे पाहू नको, आपल्या कालच्या दिवसाकडे पाहा. उपदेश चांगला आहे. तथापि तो पुरा आहे असे आम्हांस वाटत नाही.

ट्रायथलॉन म्हणून एक त्रिविध शर्यत आहे, तिच्या नियमांत ह्याच प्रश्नाचा मोठा खल झालेला दिसतो. तीत आधी पोहावयाचे, मग सायकल चालवावयाची आणि शेवटी धावावयाचे. मध्ये कपडे व बूट बदलण्यास लागणारा वेळही हिशेबात धरला जातो. ही शर्यत १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे प्रथम झाली व २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये आली. तेथे दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल व दहा किलोमीटर धावणे असते. ‘आयर्नमॅन’ नावाच्या तिच्या लांब प्रकारात पोहणे ३.८, सायकल १८० व धावणे ४२.२ किलोमीटर असते. हा खेळ केवळ परक्यांचा आहे असेही नाही. २०२५ साली उत्तराखंडात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्राच्या डॉली पाटील यांनी ह्यात सुवर्णपदक मिळविले. आमच्या विहिरींत पाठीला डबा बांधून पोहावयास शिकलेल्या आणि सायकलीवर शाळेला गेलेल्या मुलांस तो अगदीच अनोळखी वाटू नये.

आता त्यातील नियम पाहा. सायकलस्वाराची पुष्कळशी शक्ती वारा फोडण्यात खर्च होते. पुढच्या सायकलीच्या अगदी मागे राहिले तर वाऱ्याचा आडोसा मिळून श्रमाचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, वाचतो. लांब शर्यतीत हा आडोसा घेणे गुन्हा आहे. हौशी स्पर्धकास पुढच्यापासून बारा मीटर अंतर राखावे लागते, न राखल्यास दंडाची मिनिटे भरावी लागतात. तेथे भाव असा की, शेकडो माणसे एका सडकेवर असली तरी प्रत्येकजण एकटाच आहे. ऑलिंपिकच्या शर्यतीत मात्र हाच आडोसा मोकळा ठेवला आहे. तेथे स्पर्धक थवा करून जातात, आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेतात, आणि जो कधीच पुढे येत नाही त्याच्याकडे बाकीचे रागाने पाहतात. पोहताना पुढच्याच्या पायांमागे राहणे तर दोन्हीकडे चालते. पाण्यात कोण कोणाच्या मागे आहे हे मोजणार तरी कोण? तात्पर्य, एका ठिकाणी जी चोरी ती दुसऱ्या ठिकाणी रीत. ह्यावरून आम्हांस असे वाटते की, सोबत्याच्या आडोशाने जाणे मुळात पाप नव्हे. ठरलेला करार मोडून तो घेणे, अथवा करारात असूनही आपली पाळी न देणे, हे पाप होय.

आता घड्याळ व क्रमांक ह्यांविषयी. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातील मांडवा येथील अविनाश साबळे ह्यांचे नाव वाचकांनी ऐकिलेच असेल. शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि तेथून धावण्याकडे वळला. त्यांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. तीत अठ्ठावीस अडथळे व सात पाण्याचे खड्डे ओलांडावे लागतात. भारतातील ह्या शर्यतीचा १९८१ पासून कोणी न मोडलेला उच्चांक त्यांनी २०१८ साली भुवनेश्वर येथे मोडला. वेळ ८ मिनिटे २९.८० सेकंद. पुढे आपलाच उच्चांक ते पुनःपुन्हा मोडीत गेले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद घेतले व रौप्यपदक मिळविले. केनियाचे अब्राहम किबिवोट केवळ ०.०५ सेकंद आधी पोहोचले. त्या वेगाने हे अंतर एका हाताहूनही कमी भरते.

परंतु आमचा रोख पुढच्या आकड्यांकडे आहे. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत साबळे ह्यांना सुवर्ण मिळाले, तेव्हा वेळ होता ८ मिनिटे १९.५० सेकंद. २०२४ च्या जुलैत पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये ते ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांत धावले. त्यांच्या आजवरच्या धावांत त्या दिवशीपर्यंत तीच सर्वांत वेगवान होती, आणि तीत त्यांचा क्रमांक सहावा आला. पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत ते अकरावे आले. म्हणजे ज्या वेगाने ते जगात अकरावे झाले, तो वेग ज्याने ते आशियात पहिले झाले त्याहून पाच सेकंदांनी अधिक होता. घड्याळ एक सांगते, पदक दुसरे सांगते. दोहोंपैकी एकच खरे मानावयाचे तर माणसाने कोणते मानावे? आम्ही म्हणतो की ८ मिनिटे ०९.९१ हा साबळे ह्यांचाच वेळ होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता. परंतु पुढे ते पाचजण नसते तर तो त्यांच्या पायांतून निघाला असता की नाही, ह्याचा आम्हांस संशय आहे. ज्यांनी त्यांस हरविले त्यांनीच त्यांस तो वेळ मिळवून दिला.

आमच्या बायकांना हे सांगावे लागत नाही. निंदणाला मजूरबाया ओळीने बसतात, प्रत्येकीची आपली पात असते. एकटी बाई दिवसभरात जेवढे निंदते, त्याहून ओळीतली बाई अधिक निंदते, आणि संध्याकाळी थकल्याची तक्रार कमी करिते. एखादीचे अंग कसकसत असेल तर शेजारच्या दोघी हात लांबवून तिच्या पातीतले चार-दोन तण काढतात व ओळ सरळ राखतात. मालकाला ते दिसते, पण शहाणा मालक बोलत नाही.

अशीच एक गोष्ट त्रिविध शर्यतीत जगाने पाहिली. जॉनी व ॲलिस्टर ब्राउनली हे इंग्लंडमधील सख्खे भाऊ. २०१६ च्या ऑगस्टात रिओच्या ऑलिंपिकमध्ये थोरल्या ॲलिस्टरला सुवर्ण व धाकट्या जॉनीला रौप्य मिळाले होते. पुढच्या महिन्यात मेक्सिकोतील कोझुमेल येथे वर्षाची शेवटची शर्यत झाली. जॉनी सर्वांच्या पुढे होता, परंतु शेवट काहीशे मीटरांवर राहिला असता उष्म्याने त्याचे पाय लटपटू लागले व तो रस्त्याच्या कडेला झुकला. मागून ॲलिस्टर आला. त्यास स्वतः पहिले येण्याची संधी होती. त्याने भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्यास ओढीत शेवटपर्यंत नेले आणि रेषेपाशी आपल्यापुढे ढकलून दिले. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन मधल्या वेळात पुढे जाऊन पहिला आला. जॉनी दुसरा व ॲलिस्टर तिसरा लागला. (थोरल्याने मागाहून धाकट्यास, वेग नीट का राखला नाहीस, म्हणून बोलही लावला. भाऊ तो भाऊच.) लोकांनी त्याची वाहवा केली. परंतु तक्रारही झाली, आणि पुढे नियमच झाला की एका स्पर्धकाने दुसऱ्यास हाताने पुढे नेऊ नये, नेल्यास दोघेही बाद. ज्यांनी हा नियम केला ते निर्दय होते असे आम्ही म्हणणार नाही. सख्ख्या भावाला हात देणे सोपे आहे. ज्याचा भाऊ शर्यतीत नाही त्याच्या वाट्याला काय येते, हाही विचार कोणीतरी केलाच पाहिजे.

आणि येथेच आम्ही पुन्हा आमच्या सडकेवर येतो, कारण गोष्टीची खरी अडचण तेथे आहे. साबळे सहावे आले म्हणून त्यांच्या घरची चूल विझत नाही. भरतीत जागा मोजक्या असतात. पाच मुले एकमेकांच्या जोरावर पाच-नऊला आली, आणि जागा दोनच असल्या, तर ज्या सोबत्याने मला वेग दिला त्याच्याच ताटातला घास मी घेणार. काही मुलांनी ह्यामुळे टोळी सोडल्याचे आम्ही पाहिले आहे. ती एकटी, अंधारात, आपला वेळ कोणास न सांगता धावतात. विचारले तर दहा सेकंद वाढवून सांगतात. आम्ही त्यांस कपटी म्हणण्यास धजत नाही. भूक पाठीस लागली म्हणजे मनुष्य हिशेबी होतो. परंतु त्यांचा हिशेब चुकला आहे असे आम्हांस खचित वाटते. निवड वाशीमच्या पाच मुलांतून होत नाही. हजारोंची गर्दी असते, आणि जो चौघांपासून लपतो तो त्या हजारांपुढे पाच-बावीसचाच होऊन उभा राहतो.

त्या टोळीत एक तिशी उलटलेला गडी होता. त्याची वयोमर्यादा संपून गेली होती. दोन वेळा त्याचे नाव थोडक्यात हुकले होते, आणि आता तो एका कृषी केंद्रात पोती वाहतो. तरी तो रोज पहाटे येई, मुलांच्या पुढे लागे, पहिले बाराशे मीटर ठरल्या वेगाने धावे व मग बाजूला होई. त्याचा स्वतःचा वेळ कोणी मोजीत नसे. तू हे कशाकरिता करितोस, असे आम्ही त्यास एकदा विचारले. तो हसला आणि म्हणाला, “माह्या वक्ताले म्होरं पयनारं कोनी नोतं, गुरुजी.”

आमच्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा प्रश्न तसाच राहिला होता. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तो गडी कामामुळे आला नव्हता. मुले थोडा वेळ घुटमळली. मग हाच मुलगा बुटाची नाडी आवळून पुढे जाऊन उभा राहिला, आणि मागच्यांना म्हणाला, “चला, आज मी म्होरं लागतो.” त्या दिवशी त्याला पाच मिनिटे सतरा सेकंद लागले. त्याच्या मागून धावलेल्यांपैकी एकजण पाच-आठला आला.

आम्ही दोन्ही आकडे त्याच्या वहीत लिहून दिले.