मार्काला सोबत नेणारा बर्णबा
वचन: प्रेषितांची कृत्ये १५:३६-४०

मार्क पंफुल्यातून अर्ध्यावरच परतला होता, म्हणून पौलाने त्याला पुन्हा सोबत घ्यायला नकार दिला. बर्णबा मात्र त्याला घेऊन कुप्रास गेला. पुढे तुरुंगातून पौलच तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११).

पहिल्या नोकरीत माझ्या चुकीने सर्व्हर बंद पडला, तेव्हा एक सीनियर खुर्ची ओढून शेजारी बसले. "चल, मिळून बघू." तो कोड केव्हाच काढून टाकला, पण ते शब्द मला अजून धीर देतात.

काल टीममधला नवा मुलगा चुकला आणि मी गप्प राहिलो. आज आधी त्याच्याकडे जाणार आहे. तुमचा मार्क कोण आहे?

प्रभू, मला बर्णबासारखं मन दे. आमेन.