स्मार्ट शहराचा कौलनामा

केंद्र सरकारने 25 जून 2015 रोजी स्मार्ट सिटी अभियान जाहीर केले, पुढच्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांची यादी निघाली आणि तीत भुवनेश्वरच्या खालोखाल पुण्याचे नाव झळकले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानण्याची मुळीच सवय नसलेल्या या नगरीने तो क्रमांकही मोठ्या दिलदारीने गोड मानून घेतला. अभियानाच्या पहिल्या वर्धापनदिनाच्या मुहूर्तावर बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पंतप्रधानांच्या हस्ते पुण्याच्या प्रकल्पांचा आरंभ झाला. आणि मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत ते अभियान 31 मार्च 2025 रोजी संपले. एखाद्या कल्पनेची परीक्षा करण्यास एवढा काळ पुरेसा आहे. या काळात पैसा किती खर्चला आणि तो कोठे मुरला, याची चर्चा वृत्तपत्रांनी यथास्थित केलेली असल्यामुळे तिची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. अनेक खाती, अनेक मालक आणि अनेक स्वार्थ ज्यात गुंतलेले आहेत असे नगरकार्य उभे कसे करावे, आणि एका गल्लीत साधलेले ते सबंध शहरात वाढवावे कसे, हा प्रश्न मात्र जवळजवळ अस्पर्शित राहिला आहे. त्याचे उत्तर बालेवाडीच्या रुंद रस्त्यांवर सापडणार नाही. त्यासाठी बुधवार पेठेतच शिरले पाहिजे.

अभियानाची रचना प्रथम ध्यानात घ्यावी. प्रत्येक शहराने आपला एक भाग निवडून त्याचा सर्वांगीण कायापालट करावा, आणि त्याच्या जोडीस सबंध शहराला लागू पडेल अशी एखादी तांत्रिक योजना राबवावी, असा दुहेरी आराखडा होता. केंद्राने पाच वर्षांत पाचशे कोटी रुपये द्यावेत, तेवढीच रक्कम राज्याने आणि पालिकेने मिळून घालावी, आणि कारभार पालिकेच्या दफ्तरात न ठेवता राज्य व पालिका यांची समान भागी असलेल्या स्वतंत्र कंपनीकडे सोपवावा, ही त्यातील मुख्य अट होती. पालिकेतील फाईल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाण्यास किती ऋतू घेते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या अटीमागील अधीरता समजू शकते. तथापि डिसेंबर 2015 मध्ये पुण्याच्या सर्वसाधारण सभेत या प्रस्तावावर जे दीर्घ वादंग माजले, आणि अखेर उपसूचनांसह जी मंजुरी मिळाली, तीत नुसते राजकारण होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. निवडून आलेल्या सभेचे अधिकार कंपनीच्या संचालकांकडे गेले तर गाऱ्हाणे घेऊन जायचे कोणाकडे, ही सभासदांची शंका रास्त होती. पुढे मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपून जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा तर त्या शंकेला उत्तर देणारेच कोणी उरले नाही.

पुण्याने कायापालटासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग निवडला. तेथे पदपथ रुंद झाले, बाके आली, सायकलींसाठी वाट आखली गेली, आणि चालणाऱ्या माणसाला शहरात काही मान असतो याचा प्रत्यय आला. हे श्रेय निःसंकोचपणे दिले पाहिजे. मात्र प्रयोगासाठी जागा निवडली ती सोपी. प्रयोग सोयीच्या जागी करावा असा शास्त्राचा दंडकच आहे, असे यावर म्हणता येईल. परंतु प्रयोगशाळेतील द्रव्य आणि बाहेरील द्रव्य एकच असते, म्हणून तेथील सिद्धी बाहेर चालते. औंधचा रस्ता आणि बुधवार पेठेतील टपकीर गल्ली यांचे द्रव्य एक नाही.

टपकीर गल्लीतील दिव्याचा कोणताही एक खांब घ्यावा. त्यावरचा दिवा पालिकेच्या विद्युत विभागाचा, पायाशी असलेली लोखंडी पेटी महावितरणची, मधल्या उंचीवर गुंडाळ्या करून लटकावलेल्या काळ्या वायरी कुठल्या कुठल्या केबलवाल्यांच्या व इंटरनेटवाल्यांच्या, त्यावरचा कॅमेरा पोलिसांच्या उपयोगाचा, आणि भाद्रपदात याच खांबाला मंडळाच्या कमानीचा दोर बांधलेला. खांबाच्या बुंध्याशी वायरची भेंडोळी आणि स्विचची खोकी मांडलेली; समोर हातगाडीवरून माल उतरत असलेला; आणि दुकानाच्या फळीपासून गटाराच्या झाकणापर्यंतची दीड हात जागा मूळ मालकाची, भाडेकरूची, पथारीवाल्याची की पालिकेची, हे कागदोपत्री एक आणि वहिवाटीने दुसरेच. असा खांब 'स्मार्ट' करायचा म्हणजे दिवा बदलायचा एवढेच काम नसून, परस्परांशी पत्रव्यवहारही न करणाऱ्या सहासात पक्षांना एका कागदावर सही करायला लावायचे आहे. याच पेठेतील भिडे वाड्याचे उदाहरण ताजे आहे. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जेथे मुलींची शाळा काढली, त्या वाड्याच्या राष्ट्रीय स्मारकाला उघड विरोध कोणाचाच नव्हता. तरीही भाडेकरूंच्या हक्कांचा वाद न्यायालयात दहा वर्षांहून अधिक काळ चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर 2023 मध्ये जागा पालिकेच्या ताब्यात आली. ज्यावर सर्वांचे एकमत त्या एका वाड्याची ही कथा. ज्यावर एकमत नाही अशा शेकडो इमल्यांचे काय?

म्हणून पेठ हे अशक्यतेचे दुसरे नाव आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो इतिहासाला सोडून होईल. बुधवार पेठ औरंगजेबाच्या तळाच्या काळात, 1703 च्या सुमारास, मुहियाबाद या नावाने वसली, आणि पुढे पेशवाईत तिला वाराचे नाव मिळाले. पेठ वसविण्याची त्या काळची रीत पाहण्याजोगी आहे. सरकार स्वतः दुकाने बांधीत नसे. शेटे आणि महाजन नेमावेत, त्यांनी उदीम्यांना बोलावून आणावे, आलेल्यांना काही वर्षे कर माफ असल्याचा कौल द्यावा, जागेची वाटणी, मापे, तंटे यांची जबाबदारी वतनदारांवर टाकावी, आणि वर देखरेखीला कोतवालाची चावडी ठेवावी, अशी ती व्यवस्था होती. कौलात दोन्ही बाजू बांधल्या जात. रयतेने काय करावे याबरोबर सरकारने काय करू नये हेही त्यात लिहिलेले असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. घाशीराम कोतवालाचा 1791 साली जो अंत झाला, तो वरची देखरेख बेलगाम झाली म्हणजे काय होते हे सांगण्यास पुरेसा आहे.

याहून बोलका दाखला कात्रजच्या पाण्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या घाटपायथ्याशी तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. नळ एवढा प्रशस्त, की आत माणूस उतरून गाळ उपसू शकेल. हवा खेळावी आणि पाण्याचा दाब मोकळा व्हावा म्हणून अंतराअंतरावर उच्छ्वास बांधलेले. आणि पेठापेठांतून हौद, ज्यांत पाणी निवळावे आणि लोकांनी घागरी भराव्यात. शनिवारवाड्याच्या कारंज्यांसाठी आणलेले पाणी वाटेत सामान्यांच्या हौदात पडले, हे या योजनेचे मर्म आहे. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावाहून, रास्त्यांनी कोंढव्याहून आपापले नळ आणले. मूळ योजनेची कोणी नक्कल केली नाही. परंतु उतार, उच्छ्वास आणि हौद ही पद्धत सर्वांनी उचलली, आणि प्रत्येक नळाला व हौदाला जबाबदार असे एक घराणे किंवा एक खाते राहिले. आजच्या समान पाणीपुरवठा योजनेत मीटर आहेत, संगणकावर नकाशे आहेत, आणि दाबाचे गणित त्या काळापेक्षा शतपट अचूक आहे. उणीव आहे ती हौदाच्या मालकाची. मीटर बंद पडला तर तो दुरुस्त करील कोण आणि तोवर बिल आकारील कोण, याचे उत्तर ज्या गल्लीत ठरले नाही, त्या गल्लीत मीटर बसवताना मोर्चा येणारच.

सक्तीने काम लवकर होते असा समज दृढ आहे, आणि त्यासाठी या शहराने एकदा जबर किंमत मोजली आहे. 1897 च्या प्लेगमध्ये सरकारने पालिका बाजूस सारून रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमली, गोऱ्या शिपायांकरवी पेठांतील घरे झडतीने पिंजून काढली, आणि रोगापेक्षा उपचाराची दहशत मोठी झाली. आजच्या कंपनीशी त्या समितीची तुलना करणे अप्रस्तुत होईल. परंतु 'नेहमीची संस्था मंद आहे, सबब तिच्या डोक्यावरून नवी संस्था बसवा' हा विचारक्रम दोन्ही ठिकाणी एक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या, हे या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही.

आता अलीकडे यावे. पुण्यात सहकार्याने उभे राहून खरोखर वाढलेले असे काम कोणते, असे विचारल्यास मी कचरावेचक भगिनींच्या संघटनेचे नाव घेईन. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. दारोदार कचरा गोळा करण्याचे प्रयोग झाले. आणि 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघून 2008 साली तिचा पालिकेशी करार झाला. पंधरा वर्षे! कोणत्याही अभियानाच्या कालपत्रकात एवढा अवधी बसणार नाही. पण त्यानंतर वाढ कशी झाली, तर दोन बायकांची एक जोडी, तिच्याकडे ठराविक घरे, घरांकडून महिन्याचे शुल्क, सुक्या मालाच्या विक्रीचा हक्क तिचा, आणि ओल्या कचऱ्याची पुढची वाहतूक पालिकेची. शहर वाढले की जोड्या वाढवायच्या. वरून पाहणाऱ्याला हा पसारा गबाळा दिसतो. परंतु कोणत्या घराचा कचरा कोणी उचलायचा, हे त्यात प्रत्येकाला ठाऊक असते.

दुसरे उदाहरण खुद्द बुधवारातले, आणि सभ्य लेखांतून सहसा वगळले जाणारे. येथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एड्सप्रतिबंधाचे काम त्यांच्यातल्याच स्त्रियांनी उभे केले. 'सहेली' हे त्यांचेच संघटन. ज्या माडीवर सरकारी कर्मचाऱ्याला जिना चढू दिला जात नसे, तेथे शेजारीण जाऊन बसे, निरोध देई, तपासणीला सोबत घेऊन जाई. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने ही त्यांच्यातल्याच कार्यकर्तीची पद्धत देशभर स्वीकारली. 2015 साली स्मार्ट सिटीसाठी लाखो पुणेकरांकडून अर्ज भरून घेतले गेले, वाहतूक आणि पाणी हे त्यातून पुढे आलेले विषय योग्यच होते. पण अर्जाने मत विचारले जाते, वाटा दिला जात नाही. त्या माडीवरील कार्यकर्तीला वाटा होता, म्हणून काम टिकले.

याउलट डिसेंबर 2017 मध्ये भाड्याच्या सायकली आल्या. एकापाठोपाठ एक कंपन्या उतरल्या, रंगीबेरंगी सायकली पदपथांवर उभ्या राहिल्या, उद्घाटने झाली. आणि थोड्याच काळात सीट नसलेल्या, कुलूप फोडलेल्या सायकली नदीकाठी आणि वाड्यांच्या बोळांत पडलेल्या दिसू लागल्या. पुणेकरांच्या नावाने बोटे मोडून झाली. वस्तुतः ज्या चौकात सायकल उभी राहायची, त्या चौकातल्या दुकानदाराला, रिक्षास्टँडला किंवा मंडळाला तिच्याशी काही कर्तव्य ठेवलेलेच नव्हते. संख्या वाढली, संबंध वाढला नाही.

मंडळांचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. तांबडी जोगेश्वरी, तुळशीबाग आणि दगडूशेठ हे तिन्ही गणपती एका बुधवारातले. विसर्जनाच्या मिरवणुकीतला मानाचा क्रम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही, तरी तो पाळला जातो. पोलिसांच्या बैठका, मार्ग, वेळा यांवर भांडण होते आणि तडजोडही होते. या उत्सवाने रस्ते अडतात, कान किटतात, याबद्दल मी इतरांइतकाच तक्रारखोर आहे. परंतु शेकडो स्वायत्त संघटनांना एका दिवशी एका रस्त्यावरून नेण्याची विद्या या गल्ल्यांत आहे आणि नगररचनाकारांनी ती कधी टिपून घेतली नाही, याचे आश्चर्य वाटते.

टिपून घेण्याची परंपरा आपल्याकडे होती. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश विद्वान 1915 च्या आसपास हिंदुस्थानात आला, शहरामागून शहर पायी हिंडला, आणि जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी हलक्या हाताने, आवश्यक तेवढाच छेद घ्यावा असे सांगत राहिला. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापकही तोच झाला. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने पुण्याची घरोघर पाहणी केली आणि तिचे दोन खंड 1945 व 1952 साली प्रसिद्ध केले. ज्या गाडगीळांनी शहर असे मोजले, त्यांनीच विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यास हातभार लावला, हा योगायोग मानू नये. पाहणी आणि भागीदारी ही त्यांच्या मते एकाच कामाची दोन अंगे होती. भागीदारीवाचून योजना उभारली म्हणजे काय होते, ते परदेशातही दिसले. टोरांटोच्या बंदरकाठी एका बलाढ्य अमेरिकन कंपनीने 2017 साली आरंभलेला संवेदकांनी भरलेला नगरप्रकल्प 2020 च्या मे महिन्यात गुंडाळला गेला. कंपनीने कारण अर्थव्यवस्थेच्या अनिश्चिततेचे दिले, पण नागरिकांची माहिती कोणाच्या मालकीची, या वादाने तो त्याआधीच पोखरला होता. तेव्हा हे दुखणे केवळ आपले आहे असेही नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की योजनेचा पहिला प्रयोग सर्वांत अवघड गल्लीत करावा, मग तो लहान झाला तरी चालेल. यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याची निगा कोण राखील, खर्च कोण सोसील आणि बिघाड झाल्यास जाब कोणाला विचारायचा, याचा लेखी करार गल्लीतील मालक, भाडेकरू, पथारीवाले, मंडळ, महावितरण व पालिका यांच्यात व्हावा. आणि त्या करारावर सही करण्याचा अखत्यार शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत न ठेवता कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाला द्यावा. शेजारच्या गल्लीने मागणी केल्यावरच काम तिकडे न्यावे. यात वेळ जाईल. कचरावेचकांच्या कामात गेला त्याहून अधिक जाणार नाही. महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी प्रभागवार नागरिकांच्या सूचना मागवते. या वर्षी तो अर्ज भराल तेव्हा, पेठकरांनो, दिवा किंवा कॅमेरा मागण्याआधी त्याच्या देखभालीचा करार मागा, आणि त्यावर तुमच्या गल्लीच्या सहीसाठी जागा सोडायला सांगा.