पापाआधी अर्धा तास

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे कोणी काढली आणि कशाच्या जोरावर काढली, हे कुणी सांगत नाही. परगावचा पाहुणा स्टेशनवर उतरला की पहिल्या पाच मिनिटांत आम्ही ती त्याला ऐकवतो. पाहुणा आजूबाजूला बघतो आणि जर्मनीबद्दलचं त्याचं मत कायमचं बिघडतं. मीही ही म्हण साठ वर्षं नुसतीच म्हणत आलो. तिचा अर्थ कळला तो एकसष्टाव्या वर्षी, औषधाच्या दुकानात. मला आम्लपित्तावर जी गोळी लिहून दिली होती, ती पॅन्टोप्राझोल नावाची गोळी १९९४ साली पहिल्यांदा बाजारात आली ती जर्मनीत. गोळी जर्मनीची आणि पोट परभणीचं! म्हणीचे दोन्ही तुकडे अखेर माझ्या जठरात एकत्र आले.

पण गोळीच्या आधी ती रात्र सांगायला हवी. एका लग्नात अकराच्या पंगतीला बसलो, वाढप्याशी जुनी ओळख निघाली, आणि साडेअकराला घरी येऊन आडवा झालो. रात्री दोन वाजता छातीच्या बरोबर मधोमध कुणीतरी आगटी पेटवली. घशाशी आंबट, कडू असं काहीतरी आलं. मी उठून बसलो. मी बसलो म्हणून ही उठली, ही उठली म्हणून दिवा लागला, आणि दिवा लागला म्हणून शेजारी आले. एवढ्या रात्रीसुद्धा 'हार्टचं दिसतंय' हे वाक्य तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू आलं. रिक्षातून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला. माझ्या मुलाच्या वयाच्या डॉक्टरांनी ती पट्टी वरून खाली बघितली आणि म्हणाले, "काका, हृदय ठणठणीत आहे. तुमचं अॅसिड वर येतंय."

बरं वाटलं, हे खरं. पण थोडा अपमानही वाटला, हेही खरंच. बाहेर सात माणसं हृदयविकाराच्या तयारीनं उभी होती. त्यांना 'नुसतं पित्त' म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? (तरी एक सांगून ठेवतो. छातीत दुखलं की 'पित्तच असेल' असं घरच्या घरी ठरवून झोपू नये. ते ठरवायला ती पट्टी लागते.)

डॉक्टरांनी मग कागदावर माझं पोट काढून दाखवलं. चित्रातही ते मोठंच आलं. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं स्नायूची एक झडप असते. घास खाली सोडायचा आणि पुन्हा मिटायचं, एवढंच तिचं काम. माझी झडप सैल झाली होती, मोरीतल्या जुन्या नळासारखी. "रोज सकाळी एक गोळी," डॉक्टर म्हणाले, "खाण्याच्या अर्धा तास आधी. नंतर नाही हं, आधी!"

त्या 'आधी'नं मी घोटाळ्यात पडलो.

आमच्या लहानपणी पोटाचं नीतिशास्त्र सरळ होतं. आधी पाप, मग प्रायश्चित्त. वडील कुणाकडं जेवून आले की ओसरीवर येरझाऱ्या घालायचे, मग आईला हाक जायची आणि पेल्यात खाण्याचा सोडा फसफसायचा. तो फेस बघत वडील दर वेळी म्हणायचे, "आता पुन्हा नाही." एक ढेकर यायची, आणि तिच्याबरोबर तो निश्चयही हवेत विरायचा. पण निश्चय व्हायचा तरी! माणूस घसरला, पोळला, पस्तावला. धर्मशास्त्रातही हाच क्रम आहे. आणि इथं ही गोळी सांगते, प्रायश्चित्त आधी उरकून घे, पाप अर्ध्या तासानं! वकिलांच्या भाषेत याला अटकपूर्व जामीन म्हणतात. जामीन खिशात घालून जो भज्यांच्या गाडीपाशी उभा राहतो, त्याचा 'तोल गेला' असं कसं म्हणणार? त्याचा तर बेत होता.

हा प्रश्न मी आमच्या गुरुजींपुढं ठेवला. गुरुजी म्हणजे आमच्या पहाटेच्या फिरण्यातले, संस्कृत आणि तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर आम्ही रोज चालतो. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठानं ज्वारीचं 'परभणी मोती' नावाचं वाण काढलं, त्याची भाकरी मी वर्षानुवर्षं खाल्ली. पण ज्वारीनं माझं कधी वाईट केलं नाही. वाईट केलं ते भाकरीवर ठेवलेल्यानं.

गुरुजी चालता चालता थांबले. बोलायचं म्हणजे ते थांबतात, म्हणून त्यांचं वजन उतरत नाही. म्हणाले, "सॉक्रेटिसचं म्हणणं होतं की जाणूनबुजून कुणी चूक करत नाही. चूक होते ती अज्ञानानं."

"त्याला हुरड्याबरोबरचा ठेचा ठाऊक नसावा," मी म्हटलं. "मला सगळं ज्ञान असतं हो. रात्री दोनला काय होणार हे दुपारी एकला ठाऊक असतं."

"अॅरिस्टॉटलनंही त्याच्यावर हाच आक्षेप घेतला," गुरुजी म्हणाले. चांगलं काय ते कळत असूनही वाईटच करणाऱ्या माणसावर अॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या ग्रंथात पानंच्या पानं खर्ची घातली आहेत, असं त्यांच्याकडून कळलं. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यावर एवढं लिहून ठेवलंय याचा मला अभिमान वाटला. मग गुरुजी गीतेच्या सहाव्या अध्यायात शिरले. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे समजावून सांगता सांगता आम्ही तीन वेळा थांबलो. मग माधवनिदानात आम्लपित्ताला वेगळं प्रकरण आहे आणि त्यात वर चढणारं नि खाली उतरणारं असे दोन प्रकार सांगितलेत, हे निघालं. शेवटी निकाल लागला, "जळजळ हा शिक्षक आहे. गोळी घेऊन तू शिक्षकालाच वर्गाबाहेर उभं केलंस."

"आणि तुम्ही कवळी लावून सुपारी खाता, त्याचं काय?"

गुरुजी पुढच्या दोन फेऱ्या बोलले नाहीत, त्यामुळे त्या दिवशी आमचं चालणं चांगलं झालं. पण त्यांचं वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण शिक्षक बाहेर गेल्यावर वर्गात काय चालतं, ते माझ्या घरी रोज चालत होतं. जळजळ थांबली आणि मी सुटलो. तीन महिन्यांत चार किलो वाढलो. मग एक दिवस चपलेचा पट्टा लावायला वाकलो आणि दुपारचं वरण, कसलीही आग न करता, अगदी सभ्यपणे घशाशी येऊन उभं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, गोळी अॅसिड कमी करते, झडप शिवत नाही." म्हणजे चोर यायचे ते येतच होते, फक्त कुत्रं भुंकायचं थांबलं होतं. मग त्यांनी दुसरा कागद घेतला. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. काय खाता याहून किती आणि केव्हा खाता ते बघा. तिखट सगळ्यांनाच बाधतं असं नाही, तुम्हाला काय बाधतं ते तुम्हीच लिहून काढा. पोटाचा घेर कमी करा. डाव्या कुशीवर झोपा. उशा वाढवू नका, त्यानं माणूस कमरेत मोडतो आणि पोट आणखी दाबलं जातं. पलंगच डोक्याकडून सहा इंच उचला. गोळी वर्षानुवर्षं चालली तर बी-बारा कमी पडू शकतं, तेव्हा पुढं हळूहळू उतरवू. मात्र आपल्या मनानं एकदम बंद करू नका, आम्ल आधीपेक्षा जास्त उसळतं.

पलंग उचलायला विटा आणल्या. पण पलंग जोडीचा असल्यामुळे उतार दोघांनाही लागू झाला. सकाळी ही उठली तेव्हा पायथ्याला गोळा झालेली होती. "झडप तुमची ढिली," ती म्हणाली, "आणि घसरायचं मी." पस्तीस वर्षांच्या संसाराचा एवढा नेमका गोषवारा मी बँकेत असतानासुद्धा काढू शकलो नसतो.

संध्याकाळी सातला जेवण हे प्रकरण त्याहून अवघड. मे महिन्यात आमच्याकडं सातला सूर्य जेमतेम बुडालेला असतो, भिंती तव्यासारख्या असतात, आणि भूक लागते ती फक्त पाण्याची. तरी बसतो. शेजारचे जैन शेठजी पिढ्यान् पिढ्या सूर्यास्ताआधी जेवतात. त्यांनी खिडकीतून माझं ताट पाहिलं आणि गहिवरून म्हणाले, "अखेर मार्गावर आलात!" मी काही बोललो नाही. जीवहिंसा टाळायला जेवणारे ते, झडप सांभाळायला जेवणारा मी. ताट तेच, वेळ साधारण तीच. पुण्य मिळालंच तर ते कोणत्या खात्यात जमा होणार, हे मी अजून शेठजींना विचारलेलं नाही. त्यांना वाईट वाटेल.

माणसाला वाईट वाटेल, या भीतीनं मी किती खाल्लंय याचा हिशेब काढायचं डॉक्टरांच्या त्या वहीमुळे सुचलं. 'काय बाधतं ते लिहा' म्हणाले, म्हणून लिहायला बसलो. पंधरा दिवसांत दिसलं की तिखटापेक्षा, तेलापेक्षा मला जास्त बाधतो तो आग्रह. भुकेचं खाणं दोन भाकऱ्यांत संपतं. तिसरी 'आमच्या हातचं आवडलं नाही वाटतं' याची, आणि चौथी तिसरीवरून ओळखली जाते.

आणि आग्रहात पहिला नंबर माझ्या आत्याचा.

आत्या गंगाखेडच्या पलीकडं, गोदाकाठच्या एका खेड्यात राहते. जनाबाईंचा मुलूख. वय ब्याऐंशी. दर जानेवारीत हुरड्याला बोलावणं येतं आणि मी जातो. हिरव्या मिरच्या तव्यावर काळ्या पडेस्तोवर भाजायच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ घालायचं आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायच्या, असा तिचा ठेचा. तो रगडताना घरातली मांजरंसुद्धा अंगणात जातात. 'आत्या, मला आता चालत नाही,' हे वाक्य मी दोन वर्षं परभणीहून निघताना पाठ करत होतो आणि दोन वर्षं गंगाखेडच्या स्टँडवर विसरत होतो. गेल्या वर्षी विसरायचीही तसदी घेतली नाही. शेतातला हुरडा खाऊन घरी आलो, जेवणाला अर्धा तास होता, तेव्हा हळूच भिंतीकडं तोंड करून जादाची गोळी टाकली.

"कशाची रं गोळी?" मागून आत्या.

"बी.पी.ची."

म्हातारीनं माझ्या हातातली पट्टी घेतली, डोळ्याजवळ धरली, उलटी केली. मग देवळीतल्या डब्यामागून तसलीच एक पट्टी काढून माझ्यापुढं ठेवली. "मलाबी हाय. धा वर्सं झाली."

दहा वर्षं! आणि मग कळलं की दहा वर्षं ती दूध-भाकरीवर आहे. तिखटाला हात लावत नाही. घरातही कुणी एवढं तिखट खात नाही. ठेचा होतो तो वर्षातून एकदा, जानेवारीत.

"मग कशाला करतेस?"

"तुला आवडतो म्हणून. तू येतोस त्याच्यासाठीच."

यावर खरं उत्तर द्यायचं तर 'मी खातो तुला वाईट वाटू नये म्हणून' असं द्यायला हवं होतं. ते अर्धंच खरं होतं. पहिले दोन घास माझे स्वतःचे, जिभेचे. पुढचे सगळे तिचे. हा हिशेब मी तिच्यापुढं मांडला नाही.

"तरी मला गुण कामून येत न्हाई?" तिनं विचारलं. "जेवल्यावर रोज घेते."

"जेवल्यावर नाही आत्या. आधी घ्यायची. अर्धा तास."

आत्या हसली. "आधी कशी घेऊ लेकरा? समद्यांचं झाल्यावर माझं. शेतातून कोण कवा येतंय, कुणाला वाढायचं ऱ्हायलंय... माझं जेवण कवा हाय ते मलाच ठावं नसतंय."

अटकपूर्व जामिनाचा माझा सगळा युक्तिवाद तिथं ओट्यावर बसला. पापाआधी अर्धा तास, हे ज्याचं ताट ठरल्या वेळी पुढं येतं त्याच्यासाठी. आत्याच्या साठ वर्षांच्या संसारात अर्धा तास आधी कळलेलं एकही जेवण नव्हतं.

मी तिच्या सुनेला हाक मारली आणि म्हटलं, वहिनी, आज माझं आणि आत्याचं ताट बरोबर वाढा. आत्याला गोळी दिली, भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं आणि बसवलं. तो अर्धा तास त्या घरात अवघड गेला. आत्या दोनदा उठली, एकदा चुलीकडं आणि एकदा म्हशीकडं. दोन्ही वेळा तिला परत आणावं लागलं. तिसऱ्यांदा उठायला लागली तेव्हा सूनच म्हणाली, "बसा की आता, म्हस काय पळून चाललीय का!"

ताटं आली. तिच्यापुढं दूध-भाकरी, माझ्यापुढं ठेचा. मी नखाएवढा घेतला आणि वाटी तिच्याकडं सरकवली. तिनं दाराकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि बोटाच्या टोकावर घेऊन चाखला.

"मीठ कमी हाय की रं," आत्या म्हणाली. "दर सालाला असाच व्हतोय का? सांगायचं न्हाई व्हय तू?"