आजी पडली नाही, म्हणजे काय?

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की बाळंतपण आठवतं. चौकातली दुमजली इमारत, खाली मेडिकल, वर डॉक्टरीणबाई. १९४९च्या आपल्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात आजार आणि दुखापतीच्या जोडीला जर्जरता हाही शब्द आहे, पण बोलण्यात तो अर्थ उतरला नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या जागेला आपण वृद्धाश्रम म्हणतो, किंवा आवाज जरा खाली आणून नुसतं ‘तिकडे ठेवलंय’ म्हणतो.

ते ‘तिकडे’ चांगलं आहे की नाही, कसं ठरवायचं? आपल्या पिढीचं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: गूगलवर रेटिंग बघायचं. चार पूर्णांक सहा. ‘स्टाफ खूप प्रेमळ’, ‘जेवण घरच्यासारखं’, ‘पार्किंगची उत्तम सोय’. आता हे रिव्ह्यू कोणी लिहिलेत ते बघा. मुलांनी, सुनांनी, जावयांनी. तिथे राहणाऱ्यांपैकी जवळपास कुणीच नाही. ज्यांनी ऑफिसात टाइमशीट भरायचं पोर्टल वापरलंय त्यांना हे लगेच कळेल. विकत घेणारा एक, वापरणारा दुसरा, म्हणून विकत घेणाऱ्याला दिसतो तो डॅशबोर्ड सुंदर आणि बाकी सगळं भयंकर.

अमेरिकेने यावर गंभीर प्रयत्न केला. २००८च्या डिसेंबरपासून तिथलं केंद्र सरकार नर्सिंग होम्सना एक ते पाच तारे देतं. तपासनिसांची भेट, कर्मचाऱ्यांची संख्या आणि गुणवत्तेचे आकडे (किती जणांना पाठीला जखमा झाल्या, किती जण पडून जबर जखमी झाले वगैरे) असे तीन भाग. त्यातले शेवटचे दोन सुरुवातीला नर्सिंग होम स्वतःच कळवत असे. पुढे कर्मचाऱ्यांचा हिशोब पगारपत्रकावरून घ्यायला लागले, आणि २०१८ मध्ये सुमारे १,४०० ठिकाणांचा त्या भागातला दर्जा एका ताऱ्यावर आला. कुठे नोंदणीकृत नर्स कित्येक दिवस हजरच नव्हती, तर कुठे हिशोबच पडताळता आला नाही. गुणवत्तेच्या आकड्यांची गोष्ट याहून वाईट. म्हाताऱ्यांना गुंगीत ठेवणारी मनोविकाराची औषधं किती जणांना दिली, हे मोजलं जातं, पण स्किझोफ्रेनिया असलेले पेशंट त्या मोजणीतून वगळतात. मग काही ठिकाणी पेशंटच्या फाइलीत स्किझोफ्रेनिया वाढू लागला. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे उघड केलं.

मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही. टेस्ट कव्हरेज ८० टक्के हवंच असा फतवा निघाला की काहीच न तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या जातात, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. पण मला अडकवणारा प्रश्न चोरट्या आकड्यांचा नाही, खऱ्या आकड्यांचा आहे.

आमच्या आजीसाठी जागा बघायची वेळ आली तेव्हा एक्सेल शीट बनवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. न्यू जर्सीच्या आत्याने एक रकाना सक्तीचा केला होता: ‘वर्षभरात किती जण पडले?’ एका ठिकाणी मॅनेजर अभिमानाने म्हणाले, ‘शून्य.’ आम्ही वर गेलो. दुपारचे चार वाजले होते आणि अकराच्या अकरा पलंगांचे कठडे वर. एका आजोबांचं मनगट मऊ पट्टीने कठड्याला बांधलेलं. आकडा शंभर टक्के खरा होता. जो उठतच नाही तो पडणार कसा?

हीच गोष्ट अमेरिकेत १९८७च्या कायद्याच्या मुळाशी होती. उपचाराची गरज नसताना, केवळ सांभाळणाऱ्यांची सोय म्हणून कुणाला बांधायचं नाही, असं त्यात लिहिलं गेलं. म्हणजे पडण्याचा थोडा धोका हा माणसाच्या हक्काचा भाग आहे, असं एका सरकारला कागदावर मान्य करावं लागलं. उमरखेडजवळच्या उटी गावाशी नातं असलेले सर्जन अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’मध्ये एक निरीक्षण येतं, की आपण स्वतःसाठी स्वातंत्र्य मागतो आणि आपल्या माणसांसाठी सुरक्षितता. मी त्यात थोडी भर घालीन. त्या सुरक्षिततेतला बराचसा भाग आपल्या झोपेसाठी असतो. रात्री दोन वाजता फोन येऊ नये, एवढंच. ‘खोलीत कॅमेरा आहे ना?’ हाही त्यातलाच प्रश्न. आजीची कपडे बदलतानाची लाज कोणाच्या मोबाइलवर लाइव्ह जाणार, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही.

त्याच भेटीत आणखी एक कागद पाहिला. खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याचा तक्ता भिंतीवर होता आणि चारच वाजले असताना रात्री आठपर्यंत भरलेला होता. काका भडकले. भरणारी ताई सकाळपासून एकटी होती, अकरा जणांना, ब्युरोमार्फत आलेली, बारा तासांची ड्युटी. तिने खोटं लिहिलं, हे खरंच. पण तो तक्ता भरला नसता तर तिचा दिवस कापला गेला असता, आणि कुशी प्रामाणिकपणे बदलायला तिला आणखी एक माणूस लागला असता. त्या माणसाचा पगार आमच्या महिन्याच्या बिलात आला असता, आणि ‘महाग’ म्हणून शीटमध्ये त्या जागेला लाल रंग मीच दिला असता. आजीची सुरक्षितता आणि त्या ताईची झोप एकाच खिशातून येतात, यासाठी मात्र शीटमध्ये रकाना नव्हता.

पुढच्या भेटी आम्ही रविवारी संध्याकाळी सातनंतर केल्या, न सांगता. रात्री वर किती माणसं असतात, हे मॅनेजरला न विचारता कामवाल्या मावशींना विचारलं. पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवलाय का, नखं कापलीत का, माणसाला नावाने हाक मारतात की ‘चार नंबर’ म्हणतात, हे बघितलं. यातलं काहीच तारे देण्याजोगं नाही.

जी जागा शेवटी घेतली तिथे आजीला रात्री वॉकर धरून स्वतः बाथरूमला जाऊ देतात. त्यासाठी एक फॉर्म असतो: पडल्यास संस्था जबाबदार नाही. ही पळवाट असू शकते, हे मला कळतं. आत्याने व्हिडिओ कॉलवर साफ नाही म्हटलं, बाबा पेन धरून बसले. आजीने फॉर्म मागून घेतला, चष्मा लावून वाचला. त्यावर नातेवाइकाच्या सहीची जागा होती, पेशंटच्या नव्हती. ‘माझी कुठंय?’ असं तिने विचारलं आणि मॅनेजरबाई उत्तर शोधेपर्यंत बाबांच्या हातातलं पेन घेतलं.