कुत्रा चावला, दोष कुणाचा?



पहाटेच्या मिस्सेला येणाऱ्या काही वडीलधाऱ्यांच्या हातात हल्ली काठी दिसते. ती आधारासाठी नसते, आळीतल्या कुत्र्यांसाठी असते. त्याच आळीत रात्रीचा उरलेला भात कागदावर वाढून त्याच कुत्र्यांना हाक मारणारी माणसेही आहेत. दोघेही आपल्याच धर्मग्रामातले. एक म्हणतो, ‘फादर, ही कुत्री मारून टाकायला हवीत.’ दुसरा म्हणतो, ‘मुक्या जिवाला दया दाखवायला नको का?’ आणि मी आपल्याच बाजूने बोलावे अशी दोघांचीही अपेक्षा!

चावणारा कुत्रा अपराधी असतो का? १३८६ साली फ्रान्समधील फालेझ गावी एका डुकरिणीवर खटला चालवून तिला फाशी दिली गेली. तिने एका तान्ह्या मुलाचा जीव घेतला होता. आज आपल्याला ते विचित्र वाटते. अपराध घडायला बरेवाईट कळावे लागते आणि कळून-सवरून निवड करावी लागते. कुत्र्याला भूक आहे, भीती आहे, पिलांची माया आहे, सदसद्विवेकबुद्धी नाही. म्हणून चावऱ्या कुत्र्याला आवरणे हे माणसांचे संरक्षण आहे, कुत्र्याला शिक्षा नव्हे. त्याला काठीने झोडपण्यात न्याय नसतो, आपला राग तेवढा असतो.

मग दोष कुणाचा? निर्गमच्या २१व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने माणूस मारला तर बैलाला ठार केले जाई. पण मालकाच्या बाबतीत तिथे मोठा फरक केला आहे. बैल पूर्वी कधी मारत नसेल, तर मालक निर्दोष. परंतु बैल आधीपासून मारका आहे अशी मालकाला ताकीद मिळाली असेल आणि तरीही त्याने तो आवरला नसेल, तर मालक दोषी. त्या काळची कठोर शिक्षा सोडून द्या. ठाऊक असूनही काही न करणे, दोष तिथे आहे. आपल्या देशाच्या न्याय संहितेतील २९१वे कलमही निष्काळजी प्राणिमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगते. ‘आमचा टायगर काही करत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भटक्या कुत्र्याला मालक नसतो. २०२३च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेने त्याला पकडून नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि पुन्हा त्याच जागी सोडायचे. पुष्कळांना हे पटत नाही. पण जागा रिकामी झाली की बाहेरची, लस न टोचलेली कुत्री तिथे येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेली व आक्रमक कुत्री परत सोडू नयेत आणि खाऊ घालणे ठरावीक जागीच व्हावे, असे सांगितले.

भात वाढणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: त्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे का? रोज तुमच्या दारी जेवणारा कुत्रा तुमचे दार राखू लागतो आणि पहाटे येणाऱ्या पेपरवाल्या पोरावर धावतो. तुम्ही त्याचे अर्धे मालक झालात. बाकीच्यांनीही हात झटकू नयेत. मासळीचा कचरा नाक्यावर कोण टाकते? लग्नाच्या मंडपामागे उष्ट्याचा ढीग कुणाचा असतो? मादी पिले पोत्यात भरून रात्री बाजारात सोडणारे कोण? चावा मात्र गाडीतून फिरणाऱ्याला बसत नाही. तो भाजीवालीला, सफाई कामगाराला, शाळेत चालत जाणाऱ्या मुलाला बसतो.

कुत्रा चावल्यास जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. समूहप्रमुखांनी आपापल्या आळीतील खाच नसलेली कुत्री मोजून, चावरी कोणती तेही लिहून, यादी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयात द्यावी. ती पत्रासोबत महापालिकेकडे पाठवू.

आपला,
फादर