आधी बसून हिशेब करू



संत लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८-३०) प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतो. पुरेसा पैसा आहे की नाही, हे आधी बसून न पाहता त्याने पाया घातला, तर लोक त्याला हसतील. प्रभू शिष्यत्वाची किंमत समजावत होता; पण आधी हिशेब करणे हे शहाणपणाचे लक्षण आहे, हे त्याने गृहीतच धरले.

आपल्या शेलूबाजार परिसरात पैसा येतो तो सोयाबीन आणि तूर विकल्यावर. खर्च मात्र रोजचा. मग पेरणीसाठी, दवाखान्यासाठी, मुलीच्या लग्नासाठी आपण सावकाराच्या दारी जातो. 'शेकडा पाच' ऐकायला थोडे वाटते. पण ते महिन्याचे असते! २० हजारांवर महिन्याला १ हजार, वर्षाला १२ हजार, आणि मुद्दल तसेच उभे. आधी मंगळसूत्र गहाण पडते, मग शेत. हा हिशेब घरातल्या बाईला वहीत मांडता आला, तर कागदावर अंगठा उमटण्याआधी ती घरधन्याचा हात धरील.

देवाने माणसाला बुद्धी व स्वातंत्र्य दिले. कर्जात बुडालेल्याला चांगल्या भावाची वाट पाहता येत नाही, मुलांची शाळा चालू ठेवता येत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराला काटकसरीने बचत करता येईल इतकी मजुरी मिळावी, असे म्हटले. बचत करणे हा गरिबाचाही हक्क आहे.

वसईच्या कॅथॉलिक बांधवांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था उभारली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक बँक. आपल्यासाठी बचत गट आहेत. १९९२ पासून नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडले. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. आणि २०१४ च्या राज्य कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, हेही आपल्याला ठाऊक असावे.

आज संध्याकाळी प्रार्थनेनंतर नवरा-बायकोने मिळून एक वही उघडावी. कोणाचे किती देणे, व्याज किती, हे लपवून न ठेवता लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी आपल्यातील शिकलेल्या मुला-मुलींनी बसावे. तीही प्रभूचीच सेवा आहे.

प्रभू आपल्या घरांना कर्जाच्या ओझ्यातून सोडवो. आमेन.